शाळेबाहेरची भाषा: रनरिग आणि आपण

16 एप्रिल 2025 ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा शासन निर्णय काढला. विरोध पेटला, मध्ये शब्द बदलून पाहिले गेले आणि 29 जूनला निर्णय मागे घ्यावा लागला. तो सगळा काळ मी इथे, स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हरनेसमध्ये, रोज रात्री मराठी बातम्या वाचत बसायचो. विरोध रास्त होता, आजही मला तसंच वाटतं. पण त्या गदारोळात मला राहून राहून एका बँडची आठवण येत होती. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसेल. रनरिग.

लहान मुलांच्या शाळेत भाषेचं काय होतं ते इथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. 1872 च्या कायद्याने स्कॉटलंडभर शिक्षण सक्तीचं झालं आणि त्या कायद्यात गॅलिकला, म्हणजे इथल्या डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या जुन्या भाषेला, जागाच नव्हती. बेटांवरची मुलं घरात गॅलिक बोलत, शाळेत इंग्रजी शिकत. असं दोन-तीन पिढ्या चाललं की आईवडील आपणहून मुलांशी इंग्रजीत बोलायला लागतात, कारण मुलांचं भलं त्यातच आहे असं त्यांना मनापासून वाटतं. 2011 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे उरले होते 57,375. आपल्याकडे त्याच वर्षीच्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले 8 कोटी 30 लाख होते. दोन्हींची बरोबरी होऊच शकत नाही, आणि ‘मराठी मरणार’ ही ओरड मला पटत नाही. मला काळजी वेगळीच आहे, तिच्याकडे येतो.

रनरिग उभा राहिला 1973 साली, आइल ऑफ स्काय या बेटावरच्या तरुणांचा. रॉरी आणि कॅलम मॅक्डॉनल्ड हे दोघे भाऊ आणि अकॉर्डियन वाजवणारा त्यांचा मित्र ब्लेअर डग्लस. सुरुवातीला हा नाचगाण्याचा बँड होता, लग्नात नि गावच्या हॉलमध्ये वाजवणारा. थोड्याच काळात डॉनी मन्रो गायक म्हणून आला. (योगायोग असा की 1973 सालीच त्याच बेटावर साबल मोर ओस्टेग हे गॅलिक कॉलेजही सुरू झालं.) 1978 ला त्यांचा पहिला आल्बम आला, सगळाच्या सगळा गॅलिकमध्ये. गॅलिक गाणं म्हणजे चर्चमधली स्तोत्रं, आजीची अंगाई आणि स्पर्धेत कोट घालून उभं राहून म्हणायची जुनी गीतं, असं समीकरण बसलेलं असताना या पोरांनी त्यात इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स आणले. विषयही आजचे घेतले: सोडून दिलेली घरं, शहरात गेलेली मुलं, प्रेम.

दुसऱ्या आल्बमपासून त्यांनी स्वतःची कंपनी काढली, रिज रेकॉर्ड्स. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लंडनमधल्या कुठल्या साहेबाने 1979 साली गॅलिक रॉकवर पैसे लावले असते? ‘हे खपणार नाही’ असं सांगणारा माणूसच त्यांनी मध्ये ठेवला नाही. रेकॉर्ड आपली, विक्री आपली, दौरा आपला. आधी गावोगावचे हॉल भरले, मग ग्लासगो भरलं, आणि त्यानंतर, 1980 च्या दशकाच्या शेवटी, क्रिसालिससारखी मोठी रेकॉर्ड कंपनी त्यांच्या दारात आली. तोपर्यंत त्यांचं स्वतःचं गिऱ्हाईक तयार होतं. 1990 च्या दशकाच्या मध्यावर तो करार संपला तेव्हा ते परत आपल्या रिजवर आले, आणि त्यानंतरही दोन दशकांहून जास्त काळ वाजवत राहिले.

पुढे इंग्रजी गाणी वाढली. त्यावरून इथेही नाराजी झाली, भाषा विकली वगैरे. मला ती टीका अन्यायाची वाटते. 1995 साली त्यांचं एक गॅलिक गाणं ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत अठराव्या क्रमांकावर पोचलं. संपूर्ण स्कॉटिश गॅलिकमधलं गाणं पहिल्या विसात येण्याची ती पहिलीच वेळ. ते एका बिअरच्या जाहिरातीत वाजलं म्हणून वर गेलं, हेही खरं. गाणं तसं गंभीर, जवळजवळ प्रार्थनेसारखं. कुणाला जाहिरात खटकली असेल, पण टीव्हीवर गॅलिक ऐकणाऱ्या स्कायच्या एखाद्या पोराला त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार केला की मी त्या बिअरवाल्यांना माफ करून टाकतो.

इथल्या कुठल्याही लग्नाला गेलात तर रात्रीचं शेवटचं गाणं बहुतेक वेळा त्यांचंच असतं: ‘लॉक लोमंड’ या जुन्या लोकगीताचं रनरिगने केलेलं रूप. एका सहकाऱ्याच्या लग्नात मी ते जवळून पाहिलं. सगळे हात धरून मोठं रिंगण करतात, नवरा-नवरी मध्ये. पहिली कडवी अगदी संथ, लोक नुसते झुलत असतात. मग ड्रम्स सुरू होतात आणि पूर्ण रिंगण आरडाओरडा करत मध्यभागी धावतं, मागे येतं, पुन्हा धावतं. किल्ट घातलेले सत्तरीचे काका आणि कॉलेजातल्या मुली एकाच जोशात. गाणं गॅलिक नाही. पण ते वाजवणारा बँड गॅलिकमधून वर आलेला आहे हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि त्यातल्या काही जणांनी गॅलिकचे पहिले शब्द ऐकले ते याच बँडच्या कॅसेटवर. ऑगस्ट 2018 मध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्याखाली दोन रात्री त्यांनी निरोपाचे कार्यक्रम केले, तेव्हा मैदान दोन्ही दिवस माणसांनी भरलं होतं.

यावरून बँडने भाषा वाचवली असं मी म्हणणार नाही. 2022 च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे वाढून 69,701 झाले, आणि त्याचं बरंचसं श्रेय गॅलिक माध्यमाच्या शाळांना आहे. उलट ज्या बेटांवर ती घराघरात होती त्या वेस्टर्न आइल्समध्ये बोलणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले. तिथे तरुणांना घर परवडत नाही, काम मिळत नाही. गाणं कितीही चांगलं असलं तरी घरभाडं भरत नाही. शाळा हवीच, रोजगार हवाच.

पण शाळेत शिकलेली भाषा शनिवारी रात्री कुठे वापरायची, या प्रश्नाचं उत्तर इथे रनरिगने दिलं, आणि आपल्याकडे त्यावर वाद सोडा, चर्चासुद्धा होत नाही. आपण दुकानाच्या पाट्यांवर भांडतो, 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटतो, आणि गावच्या उत्सवात मंडपाशेजारी लावायची गाणी मात्र तयार हिंदी किंवा चित्रपटातली घेतो. मराठीत स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी पोरं आज पुण्यात आहेत, कोल्हापुरात आहेत, नाशकात आहेत. त्यांना सिनेमाचा निर्माता लागू नये, हे आपण करू शकतो. नगरपालिकांची नाट्यगृहं त्यांना सवलतीत मिळावीत. गणेशमंडळांच्या वर्गणीतली एक संध्याकाळ तालुक्यातल्याच एखाद्या बँडला, त्याच्या स्वतःच्या गाण्यांसाठी, ठरलेल्या मानधनावर मिळावी. परदेशातल्या आमच्या मंडळांनीही तेच करावं. दरवर्षी तीच नाट्यगीतं आणि तीच लावणी बसवण्यापेक्षा तिकडच्या एका नव्या बँडचं विमानाचं तिकीट काढावं. आमच्या इथल्या मुलांना मराठी येते ती ‘जेवलास का’ आणि ‘आजीला फोन कर’ एवढ्यापुरती. या भाषेत कुणी प्रेमभंगावर ओरडून गातं, हे त्यांनी अजून ऐकलेलंच नाही. यंदाच्या गणपतीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, आणि वर्गणीत माझा वाटा आधीच धरून ठेवला आहे.