"बघतो, कळवतो"

या दोन शब्दांनी माझा जीव मेटाकुटीला आलाय. आमच्या पॉडकास्टचे आम्ही चौघं: दोघं पुण्यात, एक लंडनला, एक न्यू जर्सीत. इथे रात्रीचे ८.३० म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे ११, पण हिवाळ्यात १०. त्यात अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, ब्रिटनमधली शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे नुसता गोंधळ! म्हणून मी दर वेळी तिन्ही ठिकाणच्या वेळा ग्रुपवर लिहून टाकते. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.

गेल्या रविवारी तर कहर झाला. सोलापुरात जकार्ड मागावर चादरी विणण्यात हयात गेलेले एक काका पाहुणे होते. आवाज येऊ नये म्हणून त्यांनी एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, नातवाकडून इयरफोन घालून घेतले आणि ८.१५ पासून बसून राहिले. आणि आमच्यातल्या एकाचा ८.२५ ला मेसेज: "आज नाही जमणार गं." दुसऱ्याचा फोन बंद. प्रश्न वाटून घेतलेले, त्यामुळे माझ्याकडे निम्मेच. काका घाम पुसत म्हणाले, "असू द्या ताई, परत कधीतरी करू." मला मान वर करवेना.

अरे, येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगा ना! नाही म्हणा सरळ, मी दुसरं कोणी बघेन. आता काकांना परत फोन करायचाय. कुठल्या तोंडाने करू? आणि तारीख कुठली सांगू?