नर्मदा आपण पितो, मग ओंकारेश्वरच्या ड्रेनेजचा खर्चही आपला

मंडळी, जरा लांब लिहितोय, पण इंदूरकरांनी वाचावं असं वाटतं.

आपण भरतो त्या पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा दरवर्षी नर्मदाकाठच्या ओंकारेश्वर आणि बडवाहचे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट चालवायला जायला हवा. दान म्हणून नाही, आपल्या पाण्याचाच खर्च म्हणून.

आपलं पाणी येतं मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, विंध्याचा घाट चढून, सुमारे 70 किलोमीटरवरून. 1970 साली नर्मदेसाठी इंदूर रस्त्यावर उतरलं आणि 1978 मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं. ते आंदोलन आपण घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय. पण जलूदच्या वरच्या अंगाला नदीकाठी कोण राहतं, याचा विषय आपल्याकडे निघत नाही. तिथे बडवाह आहे, आणि त्याच्याही वर ओंकारेश्वर. ज्योतिर्लिंगाचं गाव. वस्ती छोटीशी, पण श्रावणात आणि अमावास्येला लोटणारी गर्दी प्रचंड, आणि त्या गर्दीत आपण इंदूरवाले कमी नसतो.

छोट्या गावात प्लांट बांधून होतो, कारण त्याचा पैसा वरून येतो. अवघड असतं ते पुढचं. जुन्या घरांत संडास सेप्टिक टँकला आणि मोरीचं पाणी उघड्या नालीत. नवी ड्रेनेज लाईन दारावरून जाते, पण तिच्या चेंबरला घर जोडायचं तर अंगण उकरा, फरशी फोडा. घरमालक म्हणतो, माझं चाललंय की! मग लाईन अर्धी कोरडी आणि नाला पहिल्यासारखाच नदीत.

प्लांटमध्ये खरं काम करतात जिवाणू. त्यांना रोज मैला हवा आणि सतत हवा हवी. ती हवा देणारे ब्लोअर विजेवर चालतात आणि विजेचं बिल भरायचं असतं नगर परिषदेनं, जिच्याकडे घरपट्टीचं उत्पन्नच तुटपुंजं. बिल थकलं, ब्लोअर थांबले की जिवाणू मरू लागतात. ते परत वाढायला आठवडे लागतात. तोवर पाणी एका बाजूनं आत, आणि जवळजवळ तसंच दुसऱ्या बाजूनं बाहेर.

हे एकट्या नर्मदाकाठचं दुखणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज 72,368 दशलक्ष लिटर दिलंय. प्लांटची क्षमता 31,841, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतं 20,236. म्हणजे जे बांधलं, त्यातलंही एक तृतीयांशाहून जास्त कामात नव्हतं. म्हणून मी बांधकामासाठी नाही, चालवण्यासाठी पैसे मागतोय.

कुणी म्हणेल, जलूदला पाणी शुद्ध होतंच ना? होतं. गाळ बसवतात, गाळतात, क्लोरीन घालतात. पण सांडपाण्यातला अमोनिया क्लोरीन खातो, म्हणून पाणी जितकं घाण तितका क्लोरीन जास्त. आणि आंघोळीच्या घाटावर तर बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत असावा, असा नियम आहे. तिथे बुडी मारणाऱ्याला आपल्या फिल्टरचा काय उपयोग?

शिवाय आपली स्वतःची बाजूही बघा. नर्मदेचं पाणी वापरून आपण ते शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीत सोडतो. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, पुढे चंबळ, यमुना. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर (म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारं) ठरलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी बंद कालव्यातून घाटांना वळसा घालून न्यायची योजना करावी लागली. एवढं मोठं निगम (महापालिका) असलेल्या आपल्या शहराला हे इतकं जड जात असेल, तर बडवाहच्या नगर परिषदेकडून एकटीनं काय अपेक्षा करायची?

आपापल्या पार्षदाला (नगरसेवकाला) विचारा, की निगमच्या पुढच्या बजेटमध्ये जलूदच्या वरच्या गावांसाठी एक ओळ घालणार का. त्यात तीनच गोष्टी हव्यात: प्लांटचं वीजबिल, एक शिकलेला ऑपरेटर, आणि गरीब घरांची चेंबरपर्यंतची जोडणी फुकट. मी माझ्या वॉर्डात हे लेखी देतोय. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, पाठवतो.