‘लंडन अर्धंच दाखवलं’ या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. दोन तारे दिलेत. त्यातला एक हॉटेलच्या नाश्त्याला आणि दुसरा आमच्या टूर मॅनेजरच्या गोड बोलण्याला, असं तुम्हीच लिहिलंय. बाकीच्या तक्रारी थोडक्यात अशा: लंडन अर्धंच दाखवलं, लंडन आयचं मोठं चाक खालूनच, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे नाहीतच. राजवाडा सोडून भलतीकडेच पहारा बदलताना दाखवला. वाघनखं दाखवली नाहीत. एसी कोच न देता गावातल्या बसमधून फिरवलं. दुपारी बाजारात नेऊन सोडलं, एकदा तर आईंना पबमध्ये बसवलं. आणि एक अख्खी दुपार ‘मोकळी’ ठेवून आम्ही पैसे वाचवले. पुढे जाणारी मंडळीही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहाऱ्याचं आधी. बकिंगहॅम पॅलेससमोरचा सोहळा रोज नसतो. साधारण सोम, बुध, शुक्र आणि रवि, तोही पाऊस आला तर रद्द. मे महिन्यात कठड्याजवळची जागा हवी असेल तर तासभर आधी जाऊन उभं राहावं लागतं, नाहीतर पुढच्या माणसाचा मोबाइल आणि त्यावर दिसणारी काळी टोपी एवढंच दर्शन घडतं. तुम्ही ज्याला ‘भलतीकडे’ म्हणता ते हॉर्स गार्ड्स. राजवाड्याचं अधिकृत प्रवेशद्वार आजही तेच मानतात, म्हणून तर घोडेस्वारांचा पहारा तिथे असतो. तो रोज अकराला बदलतो, रविवारी दहाला. तुमच्या आई, म्हणजे आमच्या काकू, पहिल्या रांगेत होत्या. घोड्याने मान झटकली तेव्हा लगामाचा खुळखुळाट त्यांना ऐकू आला आणि त्या दचकून हसल्या, तो व्हिडिओ तुम्हीच गटावर टाकला होता.

वाघनखांचं मात्र मला खरंच नवल वाटलं. सहलीआधीच्या बैठकीत हा प्रश्न निघाला होता आणि तिथेच उत्तर दिलं होतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडची वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. तुम्ही लंडनला होतात तेव्हा ती लंडनला नव्हतीच. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा तिथला प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती म्युझियमकडे गेली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, हेही म्युझियमच सांगतं. आमच्या माहितीपत्रात वाघनखांचा शब्द नाही. दुसऱ्या कुणी जाहिरातीत तसं छापलं असेल तर तो जाब त्यांना विचारा.

बसचं कारण साधं आहे. मध्य लंडनमध्ये मोठा कोच हवा तिथे थांबवता येत नाही. लांब कुठेतरी उतरवतात आणि पुन्हा ठरलेल्या वेळी त्याच जागी धावत यायचं. निम्मा दिवस ‘सगळे आले का’ यातच जातो. ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, १८६३ पासून चालू आहे आणि वयही दाखवते: कितीतरी जुन्या स्टेशनांत लिफ्ट नाही, जिनेच जिने. गुडघेदुखीची माणसं बरोबर असली की आम्ही मुद्दाम बस घेतो. ट्रफल्गार स्क्वेअरहून १५ नंबरची बस, वरचा मजला, शक्यतो पुढची सीट. फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्सचा घुमट आणि शेवटी टॉवर ऑफ लंडन, सगळं काचेतून समोर येतं. पुढच्या मंडळींसाठी सांगते: बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे पडत नाहीत. एकाच कार्डावर सगळं कुटुंब चढवायचा प्रयत्न बहुतेक गटांत कुणीतरी करतंच.

आता जेवण. सर, रोज रात्री भारतीय जेवण होतं, पोळी-भाजी, वरण-भात, दही. दुपारीही तेच हवं तर बहुतेकदा वेंब्ली किंवा साउथॉल अशी भारतीय वस्तीची उपनगरं गाठावी लागतात आणि जाऊन-येऊन दीड-दोन तास मोडतात. लंडनला जायचं आणि रोज त्यातला एवढा वेळ वरणासाठी घालवायचा, हे मला तरी पटत नाही. म्हणून दुपारचं जेवण आम्ही पॅकेजमध्ये धरतच नाही, आणि तसं ठळक छापलंय.

‘बाजार’ म्हणजे बरो मार्केट. लंडन ब्रिज स्टेशनजवळ रेल्वेच्या कमानींखाली भरतो. वरून गाड्या खडखडत जातात, खाली परातीएवढ्या कढयांत काहीतरी रटरटत असतं आणि चीजची मोठमोठी चाकं कापून विकायला मांडलेली असतात. चव घ्यायला तुकडा पुढे करणारे विक्रेतेही भेटतात. सोमवारी बंद, शनिवारी पाय ठेवायला जागा नाही, आणि मधल्या वारी एकनंतर ऑफिसवाल्यांच्या रांगा. म्हणून आम्ही गुरुवारी साडेअकराला नेलं. शाकाहाऱ्यांनी काय विचारून घ्यायचं याचा कागद प्रत्येकाच्या हातात दिला होता, आणि इथेही देते, कारण हे फार कुणी सांगत नाही. काही दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात. ‘बटाटाच तर आहे’ म्हणून खाऊ नका, आधी विचारा. पुष्कळशा चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं; पाकिटावर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेलं बघा. अंडं चालत नसेल तर सँडविचमधल्या मेयॉनीजवर नजर ठेवा. पाण्याच्या बाटलीला पैसे पडले असंही तुम्ही लिहिलंय. इंग्लंडमध्ये मद्यपरवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पिण्याचं पाणी ग्राहकाला फुकट द्यावं लागतं, असा कायदाच आहे. ‘टॅप वॉटर’ म्हणायचं, आणून देतात.

आणि पब. आपल्याकडे तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर वेगळंच येतं, मान्य. तिथे रविवारी दुपारी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन जेवायला बसलेले दिसतात. काकूंनी भाजलेला अख्खा बटाटा, त्यावर लोणी आणि बीन्स असं मागवलं, सोबत चहा. त्या दुपारचं तुमचं बिल मी पाहिलेलं नाही, पण काकूंच्या ताटात काही उरलं नव्हतं, असं आमची मॅनेजर सांगते.

मोकळ्या दुपारीबद्दल मी जरा हट्टी आहे. माझ्या मते पाच दिवसांच्या मुक्कामात एक दुपार तरी कार्यक्रमाशिवाय असायलाच हवी. एवढं मोठं शहर यादी करून संपत नाही. यादी मात्र माणसाला संपवते, तिसऱ्या दिवशी लोक फोटो काढतात आणि कुठला ते विसरतात. त्या दुपारी आम्ही कुणाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. मॅनेजर बऱ्याच जणांना ब्रिटिश म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे प्रवेश फुकट आहे, तेव्हा पैसे वाचवण्याचा प्रश्नच येत नाही. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे १८८० पासून आहेत. गटातले अमरावतीचे काका पाटी वाचून हरखले आणि मग ती आंध्रातली अमरावती आहे हे कळल्यावर ‘असू दे, नाव तर आपलंच’ म्हणाले. मधल्या काचेच्या छताच्या चौकात जी गोल इमारत आहे, ती जुनी रीडिंग रूम. लंडनला शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसायचे.

संध्याकाळी तीच मंडळी किंग हेन्रीज रोडवर गेली. १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले; ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आपल्या सरकारच्या मालकीची वास्तू लंडनच्या एका निवांत गल्लीत उभी आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. तिथून चालत प्रिमरोज हिलवर गेलं की सगळं शहर समोर पसरलेलं दिसतं, लंडन आयसकट, आणि मेच्या शेवटी नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो. तुम्ही त्या दुपारी खरेदीला गेलात. त्यात गैर काहीच नाही, वेळ तुमचाच होता. पण ज्या दुपारी आपण नव्हतो तिला ‘वाया गेलेली’ म्हणणं मला जरा जड जातं.

खरेदीवरून आठवलं. रविवारी सहा वाजता ऑक्सफर्ड स्ट्रीटची दुकानं बंद झाली, याचा ठपका आमच्या नियोजनावर ठेवलाय. इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहाच तास उघडं ठेवता येतं, १९९४ चा कायदा आहे. माहितीपत्राच्या चौथ्या पानावर आहे.

कोहिनूर ‘दोन मिनिटांत उरकला’ हेही तसंच. टॉवरमध्ये मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, तोच तुम्हाला पुढे नेतो, आणि फोटोला बंदी आहे. हवं तर पुन्हा मागे जाऊन पट्ट्यावर उभं राहता येतं. गटातल्या काहींनी तसं केलं.

राहिलं लंडन आय आणि मादाम तुसाँ. पहिलं १३५ मीटर उंचीचं चाक, साधारण अर्ध्या तासाची एक फेरी, आणि गर्दीच्या दिवसांत रांगेचा वेळ वेगळा. दुसऱ्यात मेणाचे पुतळे. दोन्ही लोकांना आवडतात, मी नाक मुरडत नाही. पण दोन्हींची तिकिटं महाग आहेत आणि ज्यांना नकोत त्यांच्याही खिशातून ती काढणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून ती पॅकेजबाहेर आहेत. सगळे पॉइंट एका कोचमधून करून आणणाऱ्या सहली आहेत आणि काही जण ते काम चोख करतात. तुम्हाला तशीच सहल हवी असेल तर पुढच्या वेळी खुशाल तिकडे जा, त्यात आम्हाला वाईट वाटणार नाही.

दुपारच्या जेवणांचे पैसे परत करण्याची तुमची मागणी आम्ही मान्य करू शकत नाही, कारण ते पैसे घेतलेच नव्हते. बिलाची प्रत तुम्हाला पुन्हा पाठवली आहे. यापुढे जाणाऱ्यांपैकी कुणाला आय किंवा तुसाँ करायचं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. तिकीट आम्ही काढून देऊ, पैसे वेगळे पडतील, आणि मोकळ्या दुपारी तुम्हाला तिथवर पोचवायला मॅनेजर येईल.