‘गॅस भरूनही गरम हवा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडे १८०० रुपये देऊन गाडीच्या एसीचा गॅस भरला, तरी अकोल्यात सिग्नलला थांबलं की गरम हवा येते, मूर्तिजापूर रोडला गाडी पळाली की परत गार. फोन केला तर आमच्या पोरानं "ऊनच तसं आहे, एवढंच होणार" म्हणून सांगितलं. मागे तुमच्या आई बसल्या होत्या, त्यांना गरगरलं. आधी त्या फोनची माफी मागतो. ४५ डिग्रीत वयस्कर माणूस गाडीत असताना असं उत्तर द्यायचं नसतं.

पळताना गार, थांबल्यावर गरम, ही खूण बहुतेक वेळा पंख्याची किंवा कंडेन्सरची. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, आतली उष्णता तोच बाहेर टाकतो. पळत्या गाडीत त्याला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर. पंख्याची मोटर दमली किंवा कंडेन्सरची जाळी बुजली की गॅसचं प्रेशर चढतं आणि गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर बंद होतो. आपल्याकडे तर कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीचा कंडेन्सर उघडला की धूळ आणि कापूस मिळून गोधडीसारखा थर निघतो. बोटानं सोलून काढावा लागतो.

आमची चूक इथंच झाली. गेजवर गॅस कमी दिसला, व्हॅक्यूम मारला म्हणजे पाइपातली हवा ओढून काढली, गॅस भरला, गाडी सोडली. तेही सकाळी ९ वाजता, ऊन चढायच्या आधी. आज रजिस्टर काढून पाहिलं, पंख्याचा रकाना कोरा आहे. शिवाय गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. तेही शोधायला हवं होतं, शोधलं नाही.

एक मात्र मान्य नाही. गॅस लोकल होता असंही तुम्ही म्हणताय, तसा तो नव्हता. गाडीच्या एसीत चालणारा आर-१३४ए गॅस होता, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच, वजन करून भरला. "अजून थोडा टाका" म्हणणारे खूप येतात, पण जास्त भरला तर कूलिंग उलट कमी होतं.

गाडी दुपारी २ ते ४ मध्ये आणा, खरं दुखणं त्याच वेळी कळेल. उन्हात उभी करून, इंजिन आयडलवर ठेवून डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत थर्मामीटर लावू, तुमच्यासमोर. तपासणी, कंडेन्सरची सफाई आणि मजुरी आमच्याकडून. मोटर गेली असेल तर फक्त मोटरचे पैसे, पक्क्या बिलावर. गॅस पुन्हा काढून भरावा लागला तर त्याचा एक रुपया घेणार नाही.

तोवर कंडेन्सरच्या जाळीवर वॉशिंगचा जोराचा फवारा मारू देऊ नका, पात्या वाकतात. गाडी तापलेली असली तर पहिली दोन मिनिटं चारही काचा खाली ठेवून चालवा, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. आणि आईंना पुढच्या सीटवर बसवा, मागे हवा उशिरा पोचते.

मंगळवारी दुकान बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी या, मी स्वतः असेन.