'ते आपले कुठं?'

घरच्या ग्रुपवर परवा मावसभावानं ठणकावलं, "दरबारी गाणं, चित्रं, कविता हे पुणे-कोल्हापूर-बडोद्याचं. खान्देशात कसला दरबार? आपलं केळी, कापूस नि शेवभाजी." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी तापीकाठच्या थाळनेरचं, फारुकी सुलतानांच्या जुन्या राजधानीचं, नाव काढलं तर म्हणतो, "ते फारुकी. ते आपले कुठं?"

काय भो! 1382 पासून अकबरानं 1601 मध्ये आशीरगड घेईपर्यंत तापीकाठी ज्यांनी राज्य केलं ते आपले नाहीत, तर मग आपलं कोण? त्यांचे मकबरे शिरपूर तालुक्यातच उभे आहेत. राजधानी पुढं बुऱ्हाणपूरला गेली. मोगलाईत तिथं अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार होता, पदरी कवी आणि चितारी बाळगून. शाळेत रहीमचे दोहे घोकले आम्ही. तो रावेरच्या पलीकडं राहायचा हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेलं, त्याबरोबर दरबारही आपण सोडून दिला.

मुसलमान राजा नको? चाळीसगावजवळचं पाटण घ्या. 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव सिंघणाचा राजज्योतिषी, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढतो आणि निकुंभ राजे त्याला दान देतात. त्यावर तरी कधी फॉरवर्ड आला का?

मी जर्मनीत मानहाइमला राहतो. इथला इलेक्टर, म्हणजे इथला राजाच म्हणा, कार्ल थिओडोर 1778 मध्ये दरबार उचलून म्युनिकला गेला, बरेचसे वादकही गेले. संगीतकार मोत्सार्ट त्याच सुमारास इथं नोकरी मागत फिरला, मिळाली नाही. एवढ्या भांडवलावर गाव आजही वाद्यवृंदाचा टेंभा मिरवतं. शेजारी श्वेत्सिंगनच्या राजबागेत त्याच इलेक्टरनं मशीद बांधली, नमाजासाठी नव्हे, निव्वळ हौसेनं. रविवारी लोक तिकीट काढून बघतात, ही आपली का म्हणून कुणी विचारत नाही. (खऱ्या मशिदीबद्दल हीच मंडळी ट्राममध्ये काय बोलतात, तो आजचा विषय नाही.)

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मावसभावाचं एका ओळीचं उत्तर आलं, "दादा, तुम्ही थाळनेरला कधी गेले शेवटचं?"

आता त्याला काय सांगणार? इथं कुणी गाव विचारलं तर मी 'मुंबईजवळ' म्हणून मोकळा होतो. शिरपूरला आलो की लग्नं, आईचे डॉक्टर आणि बँकेची केवायसी यांत सुटी संपते. श्वेत्सिंगनच्या बागेचा मात्र वार्षिक पास आहे माझ्याकडं.