एक कोड यादीत टाकायला तीन आठवडे?

काल रात्री सव्वादोनला फोन वाजला. गोदामाचं नवीन डिस्पॅच अ‍ॅप बंद, ट्रक गेटवर उभे. शिफ्टवरचा माणूस तिकीट, म्हणजे आयटीकडे तक्रारीची नोंद, टाकायला बसला, तर ‘अ‍ॅप्लिकेशन कोड’च्या ड्रॉपडाउनमध्ये त्या अ‍ॅपचा कोडच नाही! फील्ड कंपल्सरी. रिकामं सोडलं तर फॉर्म सबमिट होत नाही. त्याने काय करावं? ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ची तिकिटं जातात जनरल क्यूला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक रांगेत, आणि तिथे रात्री चिटपाखरू नसतं. कोडवरूनच तिकीट कुठल्या टीमकडे जायचं ते ठरतं, मग कोड नसेल तर दुसरं काय होणार? पन्नास मिनिटं तिकीट तिथे पडून राहिलं आणि एसएलएचं, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवून दिलेल्या मुदतीचं, घड्याळ चालू राहिलं. शेवटी त्याने कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. सकाळी नऊच्या कॉलवर जाब कुणाला? मला! ‘ब्रीच का झाला?’ म्हणजे मुदत का हुकली!

अहो, अ‍ॅप लाइव्ह होऊन तीन आठवडे झाले. कोडची रिक्वेस्ट मी त्याच्याही आधी टाकली होती. पहिली परत आली, अ‍ॅप ओनरचं नाव जुळत नाही म्हणून. दुसरी मंजुरीला ज्यांच्याकडे गेली ते मार्चमध्येच नोकरी सोडून गेलेत. आणि त्या रिक्वेस्टच्या फॉर्मवरही अ‍ॅप्लिकेशन कोड कंपल्सरी! जो कोड मागायला आलोय तोच आधी निवडा म्हणे.

बरं, यादीत जे आहे ते तरी धड आहे का? चारशेच्या वर ओळी. 2019 साली बंद केलेलं पगाराचं अ‍ॅप अजून ठाण मांडून बसलंय. बिलिंगचं एकच अ‍ॅप तीनदा: डॅशसकट, डॅशशिवाय, आणि एक शेवटी स्पेस असलेलं. ती स्पेस डोळ्याला दिसत नाही, रिपोर्टमध्ये मात्र वेगळी ओळ काढते. क्रम कसला, तर ज्याने जसं भरलं तसा. सर्च करायचं तर कोडची पहिली अक्षरं पाठ हवीत. गोदामातल्या माणसाला कोड कशाला पाठ असेल? तो रोज अ‍ॅपचं नाव बघतो. त्याला नाव दाखवा, कोड मागे ठेवा. एवढं सुचायला काय लागतं?

गेल्या वर्षी एकदाच साफसफाई झाली, तीही कशी? एका महाशयांनी जुने कोड सरळ डिलीट केले. तीन वर्षांच्या तिकिटांवरचं ते फील्ड कोरं. कुठलं अ‍ॅप वारंवार पडत होतं ते शोधायला मी आणि माझ्या सहकारी ताई दोन शनिवार तिकिटांची वर्णनं वाचत बसलो. तिकिटांचं सॉफ्टवेअर सर्व्हिसनाऊ घ्या, जिरा घ्या, पर्याय डिलीट न करता बंद करायची सोय असते: जुन्या तिकिटावर राहतो, नव्या फॉर्मवर दिसत नाही. एक टिचकी मारायची असते हो!

आणि वर दर महिन्याला मेल, ‘कृपया नोंद घ्यावी, इतर हा पर्याय टाळावा.’ या वाक्याने माझं डोकं फिरतं. टाळून निवडायचं काय?

गुरुवारी चेंजच्या, म्हणजे सिस्टिममधले बदल ठरवण्याच्या, मीटिंगला मी स्वतः जाणार आहे. चारशे ओळी छापून घेतल्यात, बंद पडलेल्या अ‍ॅपवर लाल पेनने रेघा मारतोय. नव्वदाव्या ओळीपर्यंत आलोय, एकतीस रेघा झाल्या.