सगळंच करते म्हणजे नक्की काय करते?

आर्वी घ्या, हिंगणघाट घ्या, नाहीतर पुसद. लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार सुरू करतो, "घ्या ना जी, एआयवाला आहे!" तो एआय काय करतो? "सगळंच करते." एवढ्या बोलीवर आमच्याकडे कोणी बैलही घेत नाही, आधी दात बघतो.

लॅपटॉपचे दात बघायचे तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये एनपीयू दिसला पाहिजे; एआयची आकडेमोड करणारा भाग तो हाच. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' या शिक्क्यासाठी तो किमान ४० टॉप्सचा (टॉप्स म्हणजे त्याच्या वेगाचं माप) लागतो, शिवाय १६ जीबी रॅम. इंटेलच्या पहिल्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरात तो जेमतेम ११ टॉप्सचा. एआयचं नाव दोघांनाही सारखंच!

४० टॉप्स म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया. एवढं राबून तो व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागचा कापसाचा ढीग धूसर करतो. गप्पा मारणारा कोपायलट बहुतेक काम दूरच्या सर्व्हरकडून करून घेतो. लाइन गेली, टॉवर बसला, की तोही बसला.

'रिकॉल' नावाची सोय थोड्याथोड्या वेळानं स्क्रीनचे फोटो काढून ठेवते. चालू करायला ५० जीबी जागा मोकळी हवी. एका लॅपटॉपवर घरची चार माणसं बसतात. कोणी काय पाहिलं हे मशीननं लक्षात ठेवावं, अशी मागणी अजून एकाही घरातून आलेली नाही. चालू करू नका, झालं.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र सांभाळा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाल्या लॅपटॉपची बॅटरी झकास, पण त्याची रचना वेगळी, 'आर्म' नावाची; त्याला आर्मचेच ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, लागतात. बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा तसा ड्रायव्हर कंपनीनं काढला नसेल, तर म्हातारी अंगठा घासून थकते आणि मशीन ढिम्म. यंत्र सोबत न्या, दुकानातच जोडून बघा.

रॅमचंही विचारा. कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत ती प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, १६ची ३२ पुढे होत नाही. कोपायलटच्या बटणाला उगाच बोट लागत असेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टेक्स्ट इनपुट. तिथून ते सर्चला जोडता येतं.

एआय पाहून गिऱ्हाईक लॅपटॉप घेत नाही, हे २०२६च्या सुरुवातीला डेलनंही कबूल केलं. आमचं गिऱ्हाईक तर आधीपासून दोनच गोष्टी विचारतं: लाइन गेल्यावर किती वेळ चालते, आन् बिघडला तर नागपूरले न्या लागते का?